‘श्वास’ आणि समाधानाचा प्रश्न : डोळ्याच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेतील रुग्णाची अपेक्षा (यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक समीक्षा)

सारांश

डोळ्याचे ऑपरेशन म्हणजे गेलेली दृष्टी परत मिळणे, अशी धारणा मराठी समाजमनात दृढ झालेली आहे. डोळ्याच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचे प्रयोजन मात्र बहुतांशी वेगळे असते. पापणी मिटावी, खोबण भरावी, पाणी गळणे थांबावे, चेहरा चारचौघांसारखा दिसावा, एवढेच ती साधू शकते. अपेक्षा एक आणि शस्त्रक्रियेचे फलित दुसरे, या अंतरातून रुग्णाचे असमाधान जन्माला येते. संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ या चित्रपटाने हे अंतर शस्त्रक्रियेपूर्वी बोलून दाखवण्याचा प्रश्न मराठी रसिकांसमोर समर्थपणे मांडला. प्रस्तुत लेखात या कलाकृतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासून, यवतमाळसारख्या जिल्ह्यातील रुग्णाच्या दृष्टीने समाधान या संकल्पनेचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पुनर्रचनात्मक नेत्रशस्त्रक्रिया, अपेक्षा, समाधान, संमती, कृत्रिम डोळा, ‘श्वास’, यवतमाळ.

प्रस्तावना

‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. मागितल्यापेक्षा अधिक मिळाले की समाधान होते, हा तिचा साधा अर्थ होय. समाधानाची आधुनिक शास्त्रीय व्याख्याही यापेक्षा फार वेगळी नाही. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली ग्राहकाच्या समाधानाविषयी मांडलेल्या सिद्धांतानुसार, मनात धरलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष आलेला अनुभव यांच्या तुलनेतून समाधान किंवा असमाधान ठरते. आरोग्यसेवेच्या क्षेत्रात ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली सेवेची गुणवत्ता तपासण्यासाठी रचना, प्रक्रिया आणि फलित अशी त्रिसूत्री सांगितली. पुढे रुग्णाचे समाधान हादेखील फलिताचाच एक भाग मानला जाऊ लागला.

या दोन्ही विचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. रुग्णाला आपण काय मागत आहोत हे ठाऊक असते आणि देणाऱ्यालाही ते ठाऊक असते, असे त्यात मानलेले आहे. डोळ्याच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेत नेमके हेच गृहीतक डळमळीत होते. पापणी मिटत नाही म्हणून आलेला रुग्ण मनात दृष्टी मागत असतो. कृत्रिम डोळा बसवण्यासाठी आलेल्या मुलीचे आईवडील तिच्या लग्नाचा विचार करत असतात. शल्यचिकित्सक मात्र पारपटल वाचले, खोबण भरली, सूज उतरली या कसोट्यांवर आपले काम यशस्वी मानतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि तरीही त्यांची गाठ पडत नाही.

साहित्य व कला यांचे या प्रश्नात काय प्रयोजन, असे कोणी विचारू शकेल. अपेक्षा ही प्रश्नावलीतून उमटण्यापूर्वी समाजाच्या कल्पनाविश्वात आकार घेत असते, हे त्याचे उत्तर होय. डोळ्यावरची पट्टी हळूहळू सोडली जाते, सारे नातेवाईक श्वास रोखून उभे असतात आणि रुग्णाला पहिल्यांदा आपल्या माणसाचा चेहरा दिसतो, हे दृश्य भारतीय चित्रपटाने पिढ्यान्‌पिढ्या दाखवले. खेड्यातल्या माणसाला नेत्रशस्त्रक्रियेचे जे चित्र ठाऊक आहे, त्यात या दृश्याचा वाटा मोठा आहे. हे चित्र उलटे करून दाखवणारी महत्त्वाची मराठी कलाकृती म्हणून ‘श्वास’चा विचार करणे अगत्याचे ठरते.

पुनर्रचनात्मक नेत्रशस्त्रक्रिया : स्वरूप आणि मर्यादा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले नेत्रभिंग काढून कृत्रिम भिंग बसवले जाते आणि डोळ्याचे बाकी भाग निरोगी असल्यास दृष्टी सुधारते. पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचे क्षेत्र याहून निराळे आहे. खाली पडलेली वरची पापणी उचलणे, आत वळलेली किंवा बाहेर उलटलेली पापणी सरळ करणे, अश्रुपिशवीचा बंद मार्ग नाकात उघडून देणे, भाजल्यामुळे आक्रसलेल्या पापणीवर त्वचारोपण करणे, अपघातात मोडलेली खोबण सांधणे आणि डोळा काढावा लागल्यास त्या जागी गोलक बसवून पुढे कृत्रिम डोळ्याची सोय करणे, अशी अनेक कामे तीत येतात.

यांतील डोळा काढण्याची शस्त्रक्रिया सर्वांत क्लेशदायक होय. डोळा काढल्यावर खोबणीत गोलक रोवतात. त्यावरचे आवरण भरून येईपर्यंत पापण्यांच्या आत एक पातळ कवच ठेवतात. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी, सूज उतरल्यावर, दुसऱ्या डोळ्याच्या रंगाशी जुळणारा कृत्रिम डोळा तयार करतात. लोक त्याला आजही ‘काचेचा डोळा’ म्हणत असले, तरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीहून येणारी काच मिळेनाशी झाल्यानंतर ॲक्रिलिक या प्लास्टिकच्या प्रकाराने काचेची जागा घेतली. हा डोळा काही प्रमाणात हलतो, परंतु पाहत नाही. लहान मुलाचा चेहरा वाढतो तसा तो बदलावाही लागतो. म्हणजे ही शस्त्रक्रिया एका दिवसात संपत नाही. तिचे फलित अनेक वर्षांच्या ये-जा करण्यावर अवलंबून असते.

विज्ञानाची अगदी अलीकडची झेपही ही मर्यादा ओलांडू शकलेली नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे एका रुग्णावर चेहऱ्याच्या काही भागासह संपूर्ण डोळ्याचे प्रत्यारोपण करण्यात आले. डोळा जगला, त्यात रक्तप्रवाह सुरू राहिला, मात्र त्या डोळ्याला दृष्टी आली नाही. मरणोत्तर नेत्रदानातही प्रत्यारोपण होते ते पारपटलाचे, संपूर्ण डोळ्याचे नव्हे. असे असूनही ‘डोळा बदलून मिळतो’ ही समजूत सर्वत्र आढळते. पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेला सामोरे जाणारा रुग्ण याच समजुतीच्या वातावरणातून येत असतो.

‘श्वास’ : आशयसूत्र

माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारित ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला हा बहुमान लाभला. त्याच वर्षी ऑस्कर पुरस्कारासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. अरुण नलावडे, अश्विन चितळे, संदीप कुलकर्णी आणि अमृता सुभाष यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

कोकणातील एका खेड्यातून आजोबा आपल्या परशुराम या नातवाला शहरातील डॉक्टरांकडे घेऊन येतात. मुलाला दृष्टिपटलाचा कर्करोग झालेला आहे. प्राण वाचवायचे तर शस्त्रक्रिया करावीच लागेल आणि शस्त्रक्रियेनंतर तो पाहू शकणार नाही. हे मुलाला सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येणार नाही, अशी डॉक्टरांची भूमिका आहे. सांगायचे कसे आणि सांगायचे कोणी, हा आजोबांपुढचा पेच आहे. रुग्णालयातील समाजसेविका आसावरी त्यांच्या मदतीस येते. ऐनवेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. तेव्हा आजोबा कोणालाही न सांगता नातवाला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात आणि उरलेला वेळ त्याला जग दाखवण्यात घालवतात.

कथानकाची ही रूपरेषा पाहता चित्रपटात नाट्यमय योगायोग फारसे नाहीत हे लक्षात येते. रोग बरा होईल की नाही, याची उत्कंठाही दिग्दर्शकाने ताणलेली नाही. शस्त्रक्रियेचे फलित आरंभीच्या भागातच उघड केलेले आहे. त्यानंतर प्रेक्षकाचे लक्ष एका साध्या प्रश्नावर खिळते. जे होणार आहे ते त्या मुलाच्या मनापर्यंत कसे पोहोचणार?

सांगण्याचे मूल्य

‘श्वास’चे खरे सामर्थ्य या प्रश्नाच्या मांडणीत आहे. कायद्याच्या दृष्टीने बारा वर्षांखालील मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पालकाची संमती पुरेशी असते. आजोबांनी कागदावर सही केली की औपचारिकता पूर्ण झाली असती. परंतु चित्रपटातील डॉक्टर सहीवर थांबत नाहीत. ज्याचे डोळे जाणार त्याला ते ठाऊक असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वैद्यकीय संमतीसंबंधी दिलेल्या एका महत्त्वाच्या निर्णयात, उपचाराचे स्वरूप, प्रयोजन, फायदे, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती ठरत नाही, असे तत्त्व स्पष्ट केले. हे तत्त्व न्यायालयाच्या भाषेत येण्यापूर्वी चार वर्षे एका मराठी चित्रपटाने ते माणसांच्या भाषेत मांडले होते.

येथे दिग्दर्शकाने आजोबांना अडाणी किंवा अडथळा आणणारे पात्र म्हणून रंगवलेले नाही, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. आजोबांचे मौन अज्ञानातून आलेले नाही. ते मायेतून आलेले आहे. डॉक्टरांचा आग्रह कठोर वाटतो, परंतु तोही आदरातूनच उपजलेला आहे. माया आणि आदर या दोन चांगल्या गोष्टींमधला हा संघर्ष आहे, आणि म्हणूनच तो सोपा नाही. समाजसेविकेचे पात्र या दोघांमध्ये उभे केले आहे, ते अर्थपूर्ण आहे. डॉक्टरांची भाषा आजोबांना आणि आजोबांची भाषा रुग्णालयाला समजावणारे कोणीतरी लागते. अशी व्यक्ती शस्त्रक्रियेचे एकही अवजार हाती धरत नाही. तरीसुद्धा शस्त्रक्रियेविषयीचे समाधान कितीतरी अंशी तिच्यावर अवलंबून असते.

आजोबांनी नातवाला बाहेर नेण्याचा प्रसंगही या दृष्टीने वाचता येतो. रुग्णालयाच्या नियमांनुसार ते पलायन आहे. डॉक्टर संतापतात आणि पुढे त्यांना त्या कृतीचा अर्थ उमगतो. अर्थ असा की, रुग्णाला केवळ माहिती पुरत नाही, माहिती पचवण्यासाठी वेळही लागतो. ‘तुला दिसणार नाही’ हे वाक्य एका क्षणात उच्चारता येते. ते स्वीकारण्यासाठी एक दिवस, एक रस्ता आणि हात धरणारे माणूस लागते. समाधानाची पूर्वतयारी म्हणतात ती हीच होय, आणि कोणत्याही रुग्णालयाच्या वेळापत्रकात तिला जागा नसते.

काळ्या चष्म्यामागे राहिलेले

‘श्वास’च्या मर्यादांची चर्चा मराठी समीक्षेत तुलनेने कमी झाली. चित्रपट संपतो तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेलेली असते आणि मुलगा काळा चष्मा लावून आपल्या गावी परततो. हा शेवट संयत आणि हृद्य आहे. डोळ्यांनी अनुभवलेले कोकण आता कानांनी अनुभवायचे आहे, हा त्याचा संकेत प्रेक्षकाला कळतो. परंतु ज्या ठिकाणी चित्रपट थांबतो, तेथूनच पुनर्रचनेचा प्रश्न सुरू होतो.

काळा चष्मा हे येथे प्रतीक आहे आणि पडदाही आहे. त्याच्यामागची खोबण प्रेक्षकाला दिसत नाही. कृत्रिम डोळा केव्हा बसेल, तो कोण साफ करील, चेहरा वाढेल तसा तो कोठे बदलून मिळेल, शाळेतली मुले काय म्हणतील, हे प्रश्न कथेच्या चौकटीबाहेर राहतात. दृष्टी जाण्याचे दुःख हा चित्रपटाचा विषय आहे. चेहरा बदलण्याचे दुःख त्यात येत नाही. कलाकृतीने सर्वच गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरीही, चेहऱ्याचे हे दुःख मराठी साहित्य-चित्रपटात जवळजवळ अदृश्य राहिले आहे, याची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे.

मराठी भाषा या बाबतीत निष्ठुर आहे. ‘काणा’, ‘चकणा’, ‘एकाक्ष’ हे शब्द वर्णनापेक्षा शिवी म्हणूनच अधिक वापरले जातात. एका डोळ्याच्या माणसाचे तोंड पाहणे अशुभ मानणाऱ्या समजुती खेड्यांत अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत. अशा समाजात कृत्रिम डोळ्याला नुसती सजावट म्हणता येणार नाही. तो माणसाला लग्नमंडपात, बाजारात आणि शाळेच्या बाकावर सन्मानाने बसू देणारा उपचार आहे. त्याने दिसत नाही, परंतु त्यामुळे लोकांचे पाहणे बदलते. रुग्णाची अपेक्षा अनेकदा नेमकी हीच असते आणि ती उघडपणे बोलून दाखवण्यास त्याला संकोच वाटतो.

वैद्यकीय तपशिलाच्या बाबतीतही एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. दृष्टिपटलाचा हा कर्करोग प्रामुख्याने पाच वर्षांखालील बालकांत आढळतो. बुबुळात पांढरी चमक दिसणे किंवा डोळा तिरळा होणे ही त्याची आरंभीची लक्षणे होत. लवकर निदान झाल्यास रसायनोपचार, लेसर इत्यादी उपायांनी आज अनेक बालकांचा प्राण वाचतो आणि पुष्कळदा निदान एक डोळा राखता येतो. चित्रपट पाहून ‘या रोगात दोन्ही डोळे जातातच’ असा ग्रह करून घेणे चुकीचे ठरेल. रोग उशिरा लक्षात येणे ही मात्र ग्रामीण भारताची खरी शोकांतिका आहे आणि चित्रपट त्या सत्याशी प्रामाणिक आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने

‘श्वास’मधले आजोबा कोकणातून शहरात येतात. त्यांच्या जागी झरी-जामणी किंवा आर्णी तालुक्यातील आजोबांची कल्पना केली तर हा प्रश्न कसा दिसतो, याचा विचार उपयुक्त ठरेल. यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा विस्तीर्ण जिल्हा आहे. कापूस हे येथले प्रमुख पीक. दक्षिणेला तेलंगणाची सीमा, पूर्वेला वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. वऱ्हाडी मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजारा या भाषा येथे घराघरांत बोलल्या जातात. यवतमाळ शहरात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नदी ओलांडली की १९६९ साली सुरू झालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. विशेष उपचारांसाठी नागपूर गाठावे लागते. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळचे वाटते.

अशा जिल्ह्यात ‘डोळ्याचे ऑपरेशन’ या शब्दांचा अर्थ मोतीबिंदूच्या शिबिरांनी घडवलेला आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदूविषयक जो प्रकल्प राबवला गेला, त्यातील सात राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शासकीय सेवेतील नेत्रशल्यचिकित्सकाने लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपटही आला. हे कार्य निःसंशय थोर आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वास ६६.२ टक्के प्रकरणांत मोतीबिंदूच कारणीभूत असल्याचे आढळले. म्हणून त्यावरचा भर योग्यच आहे.

परंतु या यशाची एक सावलीही आहे. शिबिरात गेलेला शेजारी दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून घड्याळ पाहू लागतो, हे गावाने पाहिलेले असते. मग ज्याच्या डोळ्यात लहानपणी फूल पडले, ज्याला पऱ्हाटीचे बोंड फुटताना काडी लागली, ज्याचा डोळा बैलाच्या शिंगाने गेला, तोही त्याच रांगेत त्याच आशेने उभा राहतो. त्याला ‘ऑपरेशन करू’ एवढेच सांगितले गेले, तर तो आपल्या परीने ‘दिसेल’ असेच ऐकतो. कोणी खोटे बोलत नाही आणि तरीही त्याची फसगत होते. पापणी नीट झाली, वेदना थांबल्या, खोबण भरली, तरी तो घरी जाऊन सांगतो की ऑपरेशन फेल गेले. गावातला पुढचा रुग्ण ते ऐकून येण्याचेच टाळतो.

अंतराचा प्रश्न याहून कठीण आहे. कृत्रिम डोळ्यासाठी पहिली भेट, मापाची भेट, बसवण्याची भेट आणि नंतरच्या तपासण्या अशा फेऱ्या कराव्या लागतात. पेरणी आणि वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून, सोबतीला एक माणूस घेऊन, एसटीने हा प्रवास करणे अनेक कुटुंबांना झेपत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण परत आला नाही, तर कागदोपत्री शस्त्रक्रिया यशस्वी राहते आणि पुनर्रचना अर्धवट राहते. ‘श्वास’मधील काळा चष्मा अशा रुग्णाच्या बाबतीत काही आठवड्यांपुरता राहत नाही. तो आयुष्यभराचा होऊन बसतो.

मिटणारी पापणी : एक शेजारचे उदाहरण

विदर्भाच्या संदर्भात या विषयाला आणखी एक पैलू आहे आणि तो कुष्ठरोगाशी निगडित आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन आणि बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ उभारलेले आनंदवन ही या भूमीची कुष्ठसेवेची परंपरा. वरोरा हे वणीच्या पलीकडच्या तीरावरचे गाव. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस बाधित झाली तर पापणी पूर्ण मिटत नाही. झोपेतही डोळा उघडा राहतो, पारपटल कोरडे पडते, त्यावर व्रण होतो आणि शेवटी दृष्टी जाते. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झाल्याने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे दूरीकरण झाल्याचे घोषित झाले. औषधाने जंतू मरतात. आधीच लुळी पडलेली पापणी मात्र त्याने उठत नाही.

अशा रुग्णासाठी कानशिलाजवळच्या, चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांपर्यंत वळवण्याची शस्त्रक्रिया केली जाते. तिचे वैशिष्ट्य असे की, रुग्णाने दात घट्ट आवळले की डोळा मिटतो. म्हणजे पूर्वी जे न कळत होत असे ते आता शिकून, आठवण ठेवून करावे लागते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे व्यायाम करावा लागतो. जेवताना घासागणिक पापणी हलते. ही गोष्ट आधी सांगितली असेल, तर रुग्ण तिला आपल्या प्रगतीची खूण मानतो. सांगितली नसेल, तर तीच गोष्ट त्याला नवे व्यंग वाटते. शस्त्रक्रिया एकच, हात तेच, फलितही तेच, आणि समाधान मात्र अगदी परस्परविरुद्ध. ‘सांगणे’ हा उपचाराचाच भाग आहे, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण क्वचित सापडेल.

येथे अपेक्षेचे आणखी एक स्वरूप दिसते. कुष्ठमुक्त माणसाला दृष्टी राखायची असते, पण त्याहून अधिक त्याला ओळखले जाणे टाळायचे असते. उघडा राहणारा डोळा ही समाजाच्या लेखी रोगाची जाहिरात असते. पापणी मिटली म्हणजे ती जाहिरात पुसली जाते. वैद्यकाच्या वहीत हे फलित लिहिण्यासाठी रकाना नसतो.

समाधान मोजताना

रुग्णाचे समाधान मोजण्याची पद्धत आता रुग्णालयांत रूढ झाली आहे. ‘सेवा कशी वाटली?’ या प्रश्नाला ‘चांगली’ असे उत्तर बहुतेक वेळा मिळते. या उत्तराचा अर्थ काय, याविषयी अभ्यासकांनी पूर्वीच शंका व्यक्त केलेली आहे. ब्रायन विल्यम्स यांनी १९९४ साली, रुग्णाचे समाधान ही संकल्पनाच कितपत वैध आहे, असा मूलभूत प्रश्न उपस्थित केला होता. शासकीय रुग्णालयात मोफत उपचार घेतलेला शेतमजूर डॉक्टरांसमोर उभा राहून ‘चांगले नाही झाले’ असे म्हणेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्याचे ‘चांगलं झालं साहेब’ हे उत्तर कृतज्ञतेचे असते, कधी भीतीचे, कधी केवळ रीतीचे. ज्याने काहीच मागितले नव्हते, त्याच्या समाधानावरून सेवेची गुणवत्ता ठरवणे म्हणजे उपाशी माणसाला भाकरीची चव विचारण्यासारखे आहे.

येथे ‘श्वास’कडे पुन्हा वळता येते. त्या चित्रपटातील मुलाला शस्त्रक्रियेनंतर ‘तू समाधानी आहेस का?’ असे कोणी विचारत नाही आणि तो प्रश्न तेथे निरर्थकही ठरला असता. त्याला विचारण्याजोगा प्रश्न वेगळा होता. जे होणार ते तुला ठाऊक होते का? ते कळायला तुला वेळ मिळाला का? तेव्हा तुझ्याजवळ कोण होते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चित्रपटातून होकारार्थी मिळतात. म्हणूनच एवढी मोठी हानी होऊनही प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर पडताना त्या मुलाची फसवणूक झाली असे म्हणत नाही. हानी आणि फसवणूक यांतील हा फरक हेच ‘श्वास’ने मराठी समाजाला दिलेले मोलाचे दान होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे स्पष्ट होतात.

१. डोळ्याच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेतील असमाधान पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या अपयशातून निर्माण होत नाही. मोतीबिंदूच्या यशाने घडवलेली अपेक्षा दुसऱ्याच शस्त्रक्रियेला लावली गेल्याने ते निर्माण होते.

२. ‘श्वास’ या चित्रपटाने फलित आधी सांगण्याचे आणि ते पचवण्यासाठी रुग्णाला वेळ देण्याचे मूल्य अधोरेखित केले. मराठी कलाविश्वातील हे त्याचे स्थान अढळ आहे.

३. शस्त्रक्रियेनंतरचा चेहरा, कृत्रिम डोळा आणि समाजाची नजर हे विषय मात्र त्यात काळ्या चष्म्याआड राहिले. मराठी लेखक-दिग्दर्शकांपुढे ते आजही मोकळे क्षेत्र आहे.

४. यवतमाळसारख्या बहुभाषिक आणि विस्तीर्ण जिल्ह्यात रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलणारा वैद्यकीय समाजसेवक ही चैन मानता येणार नाही. ‘याने दिसणार नाही, पण दुखणे थांबेल आणि चेहरा नीट होईल’ हे वाक्य कोलामीत, गोंडीत, बंजारा बोलीत आणि वऱ्हाडीत शस्त्रक्रियेपूर्वी उच्चारले जाणे आवश्यक आहे.

५. समाधानाची विचारणा रुग्णालयातून घरी सोडताना न करता, कृत्रिम डोळा बसवून किंवा पापणीचा व्यायाम पूर्ण होऊन रुग्ण आपल्या गावात काही महिने वावरल्यानंतर करणे उचित ठरेल. ती विचारणा शस्त्रक्रिया करणाऱ्या व्यक्तीने करू नये.

देव दोन डोळे देतो ही म्हण श्रद्धेची आहे. शल्यचिकित्सकाच्या हाती तेवढे सामर्थ्य नसते. जे देता येणार आहे तेवढेच आधी स्पष्ट शब्दांत सांगणे मात्र निश्चितपणे त्याच्या हाती असते. मागणाऱ्याला आपण काय मागत आहोत हे कळले, तर एका मिटणाऱ्या पापणीतही त्याचे समाधान सामावू शकते.